दोन हात पुढे आलेली गाडी

कालव्यावरचा तिसरा पूल ओलांडला आणि धाकटीच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. तुटायचाच होता. बसथांब्यापर्यंतच जायचंय अशा समजुतीने तिने घरातल्याच चपला पायात सरकवल्या होत्या. पुढे नऊ किलोमीटर तंगडतोड आहे हे तिला कुणी सांगितलं होतं?

"दादा, थांब की जरा!"

दहा पावलं पुढे गेलेला दादा वळला, मागे आला, उकिडवा बसला आणि चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी करून बघू लागला.

"डावी पण दे."

"डावी धड आहे."

"दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्यास ना? मग डावीची वेळही आलीच आहे. दे."

त्याच्या खिशातून तारेचा तुकडा आणि चिमटीएवढी पक्कड निघाली. सुट्टीवर आलेला हा माणूस पाकीट घरी विसरतो, पक्कड विसरत नाही. धाकटी पुलाच्या कठड्याला टेकून अनवाणी उभी राहिली. तेवढ्यात शहराकडे जाणारी बस धूळ उडवत निघून गेली.

"ही तिसरी," ती म्हणाली.

"मोजली मी."

"वीस मिनिटांत टपाल कार्यालयाच्या दारात सोडते."

"माहीत आहे."

"मग आपण का चालतोय?"

"वीस मिनिटांत माझं ठरणार नाही म्हणून."

धाकटीने गेलेल्या बसकडे हात उडवला. चौथीच्या वर्गात बावन्न पोरं सांभाळणारी बाई ती, पण बावन्न पोरं परवडली, हा एक भाऊ नको, असं तिला आजवर किती वेळा वाटलं असेल कोण जाणे.

दादाच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक लांबट पाकीट होतं. आत एका चौकशीसाठीचा तीन पानी छापील जबाब, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी सहीसाठी सोडलेली कोरी जागा. आज चार वाजेपर्यंत तो नोंदणी टपालात पडला पाहिजे होता. उद्या रविवार, परवा दादाचं परतीचं विमान. सही केली तर दादाची बदली मायदेशी, प्रशिक्षण शाळेत, घरापासून बसचे चार थांबे. नाही केली तर तिकडे परदेशातच आणखी दोन वर्षं, आणि त्यानंतर निवृत्तीचं पत्र. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या तीन पानांत काय लिहिलंय ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

जेवणं झाल्यावर भांडी विसळता विसळता वहिनीने तिला बाजूला घेतलं होतं. "तुमचं ऐकतात ते. बरोबर जा. सही करून टपालात पडल्याशिवाय मला तोंड दाखवू नका दोघंही." वहिनी हसत बोलली होती, पण हातातलं पातेलं तिने दोनदा घासलं होतं.

दादा हवाई संरक्षणात क्षेपणास्त्र अधिकारी होता. ऐकायला मोठं भारदस्त. शेजारच्यांना वाटायचं, रोज सकाळी उठून हा दोन-चार विमानं पाडत असेल. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने दोनच क्षेपणास्त्रं सोडली होती, तीही सरावाला, दोरीने ओढत नेलेल्या लक्ष्यावर. त्यातलं एक चुकलं. बाकी सगळा काळ त्याने रडारच्या पडद्याकडे बघण्यात घालवला. वडील होते तोवर जेवताना हमखास म्हणायचे, "समोरच्यांचा मुलगा दवाखान्यात दिवसाला चाळीस माणसं तपासतो. आमचे चिरंजीव इतकी वर्षं आकाशाकडे बघतायत आणि आकाश आहे तसंच आहे."

"तसंच राहावं म्हणूनच ठेवलंय मला," दादा म्हणायचा आणि आमटी वाढून घ्यायचा.

पाच वर्षांपूर्वी सरकारने एका मित्रदेशाच्या धावपट्टीची राखण करायला एक तुकडी पाठवली, तीत दादा गेला. वर्षभराची बोली होती. वर्षाचं दीड झालं, मग 'बदली माणूस येईपर्यंत' झालं. बदली माणूस काही आला नाही. पत्र्याच्या खोलीत लोखंडी खाट, आधीच्या कुणाचं तरी नाव चिकटवलेलं कपाट, आणि बाहेर खडीचं मैदान. दादाची कामाची केबिन म्हणजे आपल्या स्वयंपाकघराएवढी एक चाकांवरची पेटी. तिला खिडकी नाही. चार खुर्च्या, चार पडदे आणि पंख्यांची अखंड घरघर. तिथे बसून बसूनच तो सुट्टीवर आला की चालत सुटायचा.

तो गेला तेव्हा भाची चौथीत होती, आता नववीत. बाप म्हणजे फोनमधला एक आवाज, जो एक क्षण उशिरा हसतो, एवढीच तिची ओळख.

आणि सुट्टीवर आला की काय विचारता! पहिल्या दिवशी पातळी तपासायची पाणसळ काढून फ्रीजवर ठेवायची, मग जेवणाच्या टेबलावर, मग देवाच्या फळीवर. "अर्धा अंश कलंडलीय," म्हणायचं आणि पुठ्ठ्याच्या घड्या घालून पाचरी मारत बसायचं. तिकडे लोक त्याला पाठीमागे 'पाणसळ' म्हणतात हे त्यानेच एकदा सांगितलं होतं. त्यात त्याला अपमान वाटत नव्हता, हे आणखी विशेष. शिवाय काही सांगितलं की समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं, ही तिकडची शिस्त त्याने घरातही आणलेली. परवाच भाची दारातून ओरडली होती, "दोन लिटर दूध आणि एक पाव. परत म्हणते, दोन लिटर दूध आणि एक पाव. जाऊ का आता, साहेब?" वहिनीने हसू दाबायला तोंडावर पदर धरला होता, आणि दादा गंभीरपणे "जा," म्हणाला होता.

चपला दुरुस्त झाल्या. दोन्हींना तारेचे टाके. चालायला लागल्यावर डावी पायाला टोचू लागली, जी आधी टोचत नव्हती.

"दादा, आता स्पष्टच विचारते," कालव्याच्या वळणावर धाकटी म्हणाली. "त्या कागदात आहे तरी काय? तुझ्यावर काही किटाळ आहे का?"

"नाही. उलट मला त्यातून मोकळं केलंय."

"मग घोडं अडलंय कुठे? मोकळं केलंय तर मोकळा हो! वहिनी एकटीने पाच वर्षं घर ओढतेय. पोरगी मोठी झाली. आणि तू बस सोडून देतोयस, एकामागून एक!"

"धावपट्टीच्या बाजूला एक घटना घडली. त्यासंबंधी दिशामानात विचलन आढळल्याने स्थिर प्रतिध्वनी आणि..."

"मराठीत सांग."

"मराठीतच सांगतोय."

"हे मराठी नाही, हा शासकीय फलक आहे. मला काय झालं ते सांग. माझ्या वर्गातल्या पोराने येऊन सांगावं तसं सांग. कोण होतं, काय केलं, मग काय झालं."

दादाने घड्याळ बघितलं. दोन वाजून पन्नास. शहराच्या पाण्याच्या टाक्या समोर दिसायला लागल्या होत्या. तो रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडाशी बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "डावी चप्पल दे."

"परत?"

"दे तर खरी. तशीही टोचतेय ना?"

त्याने धुळीत पक्कडीच्या टोकाने मोठं वर्तुळ काढलं. मधोमध चप्पल ठेवली, तिचं टोक नीट उत्तरेला केलं. वर्तुळाच्या वरच्या बाजूला एक खडा ठेवला.

"ही चप्पल म्हणजे आमची रडारची गाडी. तिचं टोक सरळ उत्तरेला लावलेलं असतं. सगळं त्यावर अवलंबून. आणि हा खडा म्हणजे टेकडी. तळाच्या समोर एक उघडी टेकडी आहे. पडद्यावर ती कायम एकाच जागी दिसते. लोक तो डाग पुसून टाकतात, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून. मी ठेवतो. कामावर बसलो की आधी तिच्याकडे बघतो, मग बाकीचं."

"देवाला नमस्कार केल्यासारखं."

"तसंच म्हण. तर चार महिन्यांपूर्वी मोठे साहेब तपासणीला येणार होते. मग काय, खडीला झाडू, दगडांना चुना, सगळ्या गाड्या एका रांगेत. आमची गाडी रांगेतून दोन हात पुढे आलेली. तळाचे साहेब म्हणाले, मागे घ्या. घेतली. मागे घेताना ती थोडीशी वळली." त्याने चपलेचं टोक नखभर उजवीकडे फिरवलं. "आता सांग, चपलेला वाटतंय आपण अजून सरळच बघतोय. मग तिला टेकडी कुठे दिसेल?"

धाकटी वाकून बघत राहिली. "डावीकडे सरकलेली."

"शाबास. आणि टेकडीच नाही, सगळं जगच डावीकडे. रोज दुपारी एक प्रवासी विमान तिथून जातं. वाट ठरलेली, आमच्यापासून लांब. यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि ते विमान वाट सोडून थेट आमच्या धावपट्टीवर येताना दिसलं."

"पण विमानाला विचारता येतं ना, बाबा कोण तू?"

"येतं. विचारणारं यंत्र दुसऱ्या गाडीवर आहे. ती गाडी रांगेत होती, म्हणून हलवली नव्हती. त्यामुळे उत्तर आलं खऱ्या जागेवरून आणि ठिपका दिसला भलत्याच जागी. दोघांचा मेळ बसेना. यंत्राने ठरवलं, ठिपका मुका आहे. शत्रू."

कालव्यावरून एक बगळा उडत गेला. धाकटीने तिकडे बघितलं नाही.

"किती वेळ होता?"

"पन्नास सेकंद. शेजारचा नियमाची ओळ वाचत होता. बटणावर माझाच हात. आणि माझ्या लक्षात आलं, आज गडबडीत टेकडी बघायची राहिलीय. बघितलं तर टेकडी जागेवर नाही." दादाने खडा उचलून परत ठेवला. "मी म्हटलं, थांबा. टेकड्या चालत नाहीत. धावपट्टीच्या मनोऱ्यात साधा फोन लावला, की रोजचं विमान कुठे आहे? तिकडून म्हणाले, आपल्या वाटेवर, वेळेवर."

"किती माणसं होती त्यात?"

"एकशे एकसष्ट. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. चहा पीत असतील."

धाकटीच्या तोंडून आपसूक देवाचं नाव निघालं. महिनाभर ती रोज सकाळी हात जोडून एकच मागत होती, दादाला सहीची बुद्धी दे. देवाकडे मागताना आपण काय मागतोय याची आधी नीट चौकशी करावी माणसाने. ती मैलाच्या दगडाच्या उरलेल्या अर्ध्यावर टेकली.

"पण मग हे बाहेर आलंच कसं? फोन झाला, विमान गेलं. कुणाला कळलं?"

"मी नोंदवहीत लिहिलं."

"तूच?"

"लिहायचं असतं."

"अरे देवा! म्हणजे स्वतःच्या हाताने..." तिने कपाळावर हात मारला. "बरं. मग या छापील कागदात काय आहे?"

दादाने पाकीट काढलं, पण उघडलं नाही. "त्यात असं आहे की गाडी हलवल्यावर दिशा परत लावायचं काम मिस्त्रीचं होतं. त्याने हयगय केली आणि माझ्यापासून लपवली. मला काही माहीत नव्हतं."

मिस्त्री म्हणजे त्याच्या तुकडीतला यंत्रांचा माणूस. जनरेटरशेजारी सतरा वर्षं काढून अर्धा बहिरा झालेला. दादा फोनवर मोठ्याने बोलायचा ती सवय त्याच्यामुळेच लागलेली.

"आणि खरं काय?"

"खरं असं की मिस्त्रीने दिशा लावायला दोन तास मागितले. तळाचे साहेब म्हणाले, आधी तपासणी होऊ दे, मग लाव, दोन हातांनी काय आभाळ कोसळतंय? मी तिथेच उभा होतो. मीही म्हटलं, की साहेब, लावून घेऊ. ते म्हणाले, पाणसळ, तू गप्प बस. आणि मी गप्प बसलो." त्याने चपलेचं टोक परत उत्तरेला केलं. "तिघंच होतो तिथे. साहेब बोलणार नाहीत. मिस्त्रीला कुणी विचारणार नाही. राहिलो मी. तपासणीत स्वच्छतेचं प्रमाणपत्र मात्र मिळालं आम्हाला."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. ती चिडून म्हणाली, "त्या मिस्त्रीचं काय होईल फार तर? दुसरीकडे लागेल कुठेतरी. यंत्रांचा माणूस उपाशी मरत नाही."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. दादा चिडला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखा शांतपणे म्हणाला, "काढून टाकतील. यंत्राला पुन्हा हात लावू देणार नाहीत. त्याच्याही घरी कुणाची तरी वहिनी असेलच की."

"मग हे तू घरी का नाही सांगितलंस? वहिनीला वाटतंय तू हेकटपणा करतोयस!"

"सांगितलं की. आल्या दिवशीच. म्हटलं, दिशामानात विचलन आढळलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, डोळे तपासून घ्या."

आता मात्र धाकटी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते रागाने पुसलं. असल्या माणसाला धड रागवताही येत नाही. चप्पल पायात घालून ती उठली. "चल. चारला खिडकी बंद होते."

पुढचा अर्धा तास ती त्याच्या पुढे चालत होती. चौकशी समितीला त्याने तीनदा लिहून दिलं होतं, तीनदा परत आलं, असं तो मागून सांगत होता. समितीत एक पुरवठ्याचा माणूस, एक इमारतींचा, एक कायद्याचा. तिघांनाही रडारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रत्येक वेळी शेरा एकच, 'अधिक स्पष्ट करावे.' दादाने अधिक स्पष्ट केलं म्हणजे आणखी आकडे घातले. तेही परत आले. शेवटी त्यांनीच छापील जबाब पाठवला. तो मात्र अगदी स्पष्ट होता.

"काय लिहिलं होतंस, वाचून दाखव एखादी ओळ," ती मागे न बघता म्हणाली.

त्याने पाठ म्हणून दाखवली. ती ऐकून धाकटी म्हणाली, "मी समितीत असते तर मीही परत पाठवलं असतं."

टपाल कार्यालयात तीन पंचवीसला पोचले. पिवळट दिवे, लाकडी बाक, दोरीने बांधलेलं पेन. जाळीमागचा कारकून शिक्के साफ करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "नोंदणी असेल तर आत्ताच द्या. चार म्हणजे चार."

"देतो," दादा म्हणाला आणि बाकावर बसला. पाकिटातून छापील जबाब काढून त्याने मांडीवर ठेवला. धाकटी त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात सहीच्या कोऱ्या जागेवर आला, तिथे एक क्षण थांबला, आणि त्याने ती तिन्ही पानं घडी करून पक्कडीच्या खिशात कोंबली. मग दुसऱ्या खिशातून चार रेघी कागद काढले. भाचीच्या वहीचे, मधले, पिना सरळ करून अलगद सोडवलेले, एकही कोपरा न फाटलेला.

"म्हणजे घरूनच ठरवून निघाला होतास!" धाकटीचा आवाज एवढा चढला की कारकुनाने मान वर केली. "आणि मला नऊ किलोमीटर तुडवलंस?"

"कागद आणले होते. ठरलं नव्हतं."

"वहिनीला काय सांगू मी? शिष्टाई करायला पाठवलं होतं मला. आणखी दोन वर्षं, दादा! पोरगी अकरावीत जाईल."

"नवीन जबाब त्यांना पटला तर दोन वर्षं लागणारही नाहीत. नाही पटला तर लागतील." तो हे बोलताना तिच्याकडे बघत नव्हता, कागदांच्या कडा जुळवत होता, आणि त्या काही केल्या जुळत नव्हत्या. "घरी मी सांगेन. चप्पल घेऊन सांगेन, तुला सांगितलं तसं."

"चप्पल बघितल्यावर वहिनी ती तुलाच मारेल."

"मारू दे. नंतर ऐकेल."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. दादाने दोरीचं पेन दोरीसकट ओढून तिच्यापुढे धरलं. दोरी पुरेना, म्हणून तोच बाकावरून सरकला आणि तिला जागा करून दिली.

"छोटे, एक काम कर," तो म्हणाला. "मी लिहिलं की परत येतं. तू लिही. मघाशी रस्त्यात तुला कळलं तसं, तुझ्या चौथीच्या पोरांना कळेल असं. मोठा शब्द एकही नको. सही मी करतो. टेकडीपासून सुरू कर, आणि मिस्त्रीने दोन तास मागितले होते, ते पहिल्याच पानावर येऊ दे."